टिच बटणाएवढी

८ ऑगस्ट १९९४, सोमवार

बोलायला गेलं की भांडण होतं, म्हणून आजपासून लिहिणार आहे. लेक लग्न होऊन पनवेलहून पेणला गेली, सासूबाई गेल्या. आता या घरात मी आणि आमचे हे. यांचं तोंड सकाळी बंद आणि रात्री घोरण्यापुरतं उघडं. मग मी बोलायचं कुणाशी?

आज श्रावणातला पहिला सोमवार. यांचा उपास म्हणून लवकर उठून साबुदाण्याची खिचडी केली, वर ओलं खोबरं घातलं, डबा बांधून दिला. संध्याकाळी डबा जसाच्या तसा परत आला. शर्ट धुवायला घेतला तर खिशात लाडवाचा चुरा. शेंगदाणे आणि गूळ. माझ्या घरात शेंगदाण्याचा लाडू होत नाही, मला पित्त होतं. तो कुणाच्या घरी होतो हे सांगायला ज्योतिषी नको.

कुमुद. आमच्या दुकानात हूक लावायला आणि हातशिलाईला बसते. जवळच्या सुकापूरची आहे, नवऱ्यानं टाकलेली, भावाकडे राहते. हात चांगला आहे तिचा, ते मी नाकारत नाही. पण दुकानाची पाटी माझ्या नावाची आहे, ‘चंद्रावती लेडीज टेलर्स’. लग्नानंतर यांनी हौसेनं रंगवून घेतली होती. पाटी माझी आणि पाटीखाली दिवसभर बसणार ही. शटरची दुसरी किल्लीसुद्धा तिच्याकडेच.

१२ ऑगस्ट

आज सकाळी यांना विचारलं, चहा ठेवू का? उत्तर नाही. भिंतीकडे बघत बसले. घामानं बनियन भिजलं होतं. परत विचारलं तर म्हणाले, “बाही लांब झाली.” कसली बाही? मी आहे, तुमची बायको, चहाचं विचारतेय. तसेच उठले, शर्ट उलटा घातला आणि आंघोळ न करता दुकानात निघून गेले. दुपारी जेवायला आले तेव्हा जसं काही झालंच नाही. उलट मलाच विचारतात, तोंड का फुगलंय?

गेली दोन वर्षं हे असंच चाललंय. आधी महिन्यातून कधीतरी, आता दर दोन-तीन दिवसांनी. सकाळी माझ्यासमोर आले की यांची वाचा जाते. आणि वजन बघा! शर्टाची बटणं तटतटली आहेत. इतकी वर्षं माझ्या हातचं खाऊन अंगाला लागलं नाही, आता कुणाच्या हातचं लागतंय ते दिसतंच आहे.

उद्यापासून चहात साखर नाही. रात्रीचा भात बंद. गुळाचा डबा माझ्या कपाटात, कुलुपात. बघू या.

२० ऑगस्ट

पाहिलं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

सकाळी हे पुन्हा न बोलता गेले, भेलकांडत, प्यायल्यासारखे. मी पाठोपाठ गेले. बाजारातली दुकानं अजून उघडायची होती, आमचं शटर मात्र अर्धं वर. वाकून बघितलं. हे स्टुलावर बसलेले. कुमुदनं डाव्या हातानं यांची हनुवटी धरली होती आणि उजव्या हातानं लाडू भरवत होती. एक तुकडा, थांबायचं, दुसरा तुकडा.

लग्नात घास भरवला होता मी यांना, नाव घेऊन. सगळा मांडव हसला होता, कारण हे इतके लाजले की घास खालीच पडला. त्यानंतर कधी माझ्या हातून घास घेतला नाही. म्हणायचे, मी काय लहान आहे? आणि हिच्या हातून तोंड उघडून खातायत.

पुढचं तर लिहवत नाही. मी तिथंच उभी राहिले, हलवेना. पाच-दहा मिनिटांत यांचा चेहरा बदलला. मान सरळ झाली. टेप गळ्यात घातली, कुमुदला काहीतरी म्हणाले आणि हसले. घरी भूत आणि तिच्यापाशी माणूस!

मी घरी येऊन कणीक इतकी मळली की तिचा चिखल झाला.

२३ ऑगस्ट

रविवारीच विचारलं मी. सरळ विचारलं, ती भरवते ना तुम्हाला? हे म्हणाले, कोण भरवते? मी म्हटलं, काल सकाळी, स्टुलावर. म्हणाले, “चंद्रा, आईशप्पथ, मला काही आठवत नाही.” गेलेल्या आईची शप्पथ घेतात! मी दोन दिवस बोलले नाही.

आज कळलं की परवा एका गिऱ्हाइकाचं पैठणीच्या काठाचं कापड यांनी उभं कापायचं ते आडवं कापलं. हात कधी चुकला नव्हता यांचा. कुमुदनं जोड देऊन सावरलं म्हणे. प्रेमात पडलेल्या माणसाचा हात चुकणारच.

३० ऑगस्ट

मी डॉक्टर टिपणीसांकडे गेले होते. आमच्या घराण्याचे डॉक्टर, यांना नावानं हाक मारतात, ऐकतील तर त्यांचंच ऐकतील म्हणून. आजारासाठी नव्हतेच गेले, तक्रार करायला गेले होते. म्हटलं, तुम्ही चार शब्द सुनावा.

सगळं सांगितलं. डॉक्टर कुणाचीतरी चिठ्ठी लिहीत हं हं करत होते. मी म्हटलं, तिचा लाडू पोटात गेला की दहा मिनिटांत माणसात येतात. तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

“परत सांगा. लाडू खायच्या आधी कसे होते?”

“भुतासारखे. बोललेलं कळत नाही, भलतंच उत्तर देतात.”

“आणि नंतर?”

“नंतर हसत होते! माझ्यासमोर सकाळचे कधी हसले नाहीत.”

“हसण्याचं राहू द्या वहिनी. घामाचं सांगा. आणि हे सगळं उपाशीपोटीच होतं का?”

मी विचार केला. उपाशीपोटीच. सोमवारी जास्त. आणि साखर बंद केल्यापासून तर विचारूच नका. हे मी बोलून गेले तसे डॉक्टरांनी डोळे मिटले. म्हणाले, आजच्या आज साखर चालू करा, भात चालू करा, झोपताना दूध-पोहे द्या. आणि लॅबवाला सकाळी घरी येईल, यांना काही खायला घालायच्या आत.

२ सप्टेंबर

रक्तातली साखर अडतीस आली. सत्तरच्या वर पाहिजे. लॅबवाल्याला वाटलं आपलंच चुकलं, म्हणून त्यानं पुन्हा तपासली.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. पोटात जठराच्या मागं स्वादुपिंड म्हणून अवयव असतो, तो इन्सुलिन तयार करतो. त्यात एखादी बारीक गाठ झाली की ती गरज नसताना इन्सुलिन सोडत राहते, साखर खाली जाते आणि मेंदू उपाशी पडतो. मग माणूस काय बोलतो, काय करतो, त्याचं त्याला कळत नाही. बहुतेक वेळा गाठ साधी असते, काढली की माणूस बरा. नाही काढली तर एखाद्या सकाळी उठायचाच नाही.

मी सतरा दिवस यांची साखर कुलुपात ठेवली होती. जास्त लिहीत नाही.

पण एक आहे. कुमुदला हे आधी कळलं, मला कळलं नाही. माझा नवरा, माझं घर, आणि दुखणं सापडलं कुणाला? हे मला आजारापेक्षा जास्त टोचतंय. खोटं कशाला लिहू.

५ सप्टेंबर

सोनोग्राफी झाली. अंधारी खोली. पोटावर गार चिकट काहीतरी लावलं आणि त्यावर इस्त्री फिरवावी तसं ते यंत्र फिरवलं. पडद्यावर नुसतं राखाडी धुकं. सोनोग्राफीवाले म्हणाले, आतड्यात वायू आहे, त्याच्यामागचं दिसत नाही, गाठ काही सापडली नाही. मग म्हणाले, “दिसली नाही म्हणजे नाहीच असं समजू नका.”

हेच मी यांना दोन वर्षं सांगत होते.

डॉक्टर टिपणीसांनी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली. तारीख महिनाअखेरची मिळाली. तोवर दर तीन तासांनी खायला घालायचं. मी म्हटलं, मी घालीन.

१० सप्टेंबर

काल गणपती बसले. मोदक पोटभर खाल्ले यांनी, मी मोजले नाहीत.

कुमुदला सांगितलं, सणाचे दिवस आहेत, घरी बस आठ-दहा दिवस, पगार कापणार नाही. तिनं विचारलं, “आनि मास्तरांचं सकाळचं?” मी म्हटलं, मास्तरांना बायको आहे. तिनं बोटातलं अंगुस्तान काढून पिशवीत टाकलं आणि ती गेली. जाताना लाडवांचा डबा कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवून गेली. मी तो शेजारच्या पोरांना वाटून टाकला आणि घरचे बुंदीचे आणून ठेवले.

आता पाटीखाली मी बसते.

१४ सप्टेंबर

आज अक्षर वाईट येईल.

सकाळी न्याहारीला उशीर झाला, गॅस संपला होता. हे तसेच दुकानात गेले. मी डबा घेऊन पोचले तोवर यांचे डोळे फिरले होते. काचेच्या वाटीत लाडू कुस्करून तोंडाशी नेला तर दात आवळलेले. मी म्हटलं, तोंड उघडा, मी आहे, चंद्रा आहे. ओळखा ना, कोण आहे मी? यांनी हात असा झटकला की वाटी आरशावर जाऊन फुटली. मला ढकललं. इतक्या वर्षांत हात उगारला नव्हता. मग स्टुलावरून खाली पडले आणि अंग ताठ झालं, झटके यायला लागले. शेजारचा हार्डवेअरवाला धावला, रिक्षातून डॉक्टरांकडे नेलं. शिरेतून ग्लुकोज चढवलं तेव्हा शुद्धीवर आले. आणि पहिला शब्द काय? “दुकान उघडलं का?”

डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं.

यांना दिवसभर दवाखान्यातच ठेवून घेतलं, तेव्हा मी रिक्षा सुकापूरला न्यायला सांगितली. कुमुदच्या भावाच्या ओटीवर मी उभी आणि ती भांडी घासत होती. मला वाटलं ऐकवेल चार शब्द. ती नुसती हात पुसून उठली. मी विचारलं, तुझ्या हातून कसे खातात? म्हणाली, “त्येंना काय इचारायचं नाय, वयनी. नुस्तं गाल धरायचा नि गालाच्या आत गूळ सारायचा. तुमी इचारलं आसंल, मी कोन हाय म्हनून.”

कसं कळलं हिला?

उद्यापासून ती येणार.

२९ सप्टेंबर, मुंबई

तीन दिवस झाले हॉस्पिटलमध्ये. सुरतेच्या प्लेगच्या बातम्यांमुळं सगळे तोंडाला रुमाल बांधून फिरतात. एसटीत एक जण शिंकला तर आजूबाजूची बाकं रिकामी झाली.

यांना मुद्दाम उपाशी ठेवून रक्त तपासलं. साखर खाली आणि इन्सुलिन वर. म्हणजे गाठ आहेच. मग सीटी स्कॅन केला. चकतीसारख्या मशीनमध्ये यांना आडवं सरकवलं, श्वास धरा, सोडा. फिल्मवर काकडी कापावी तसे पोटाचे काप दिसतात. पण गाठ नाही!

सर्जन बाई आहेत. तरुण आहेत, केस कापलेले, यांच्याशी बोलताना पलंगाच्या कडेला बसतात. बसेनात का.

त्या म्हणाल्या, आहे हे नक्की, पण कुठं आहे ते कळल्याशिवाय मी पोट उघडायला उत्सुक नाही. आत गेल्यावर हाताला लागली नाही तर अंदाजानं अर्धं स्वादुपिंड कापावं लागतं आणि गाठ उरलेल्या अर्ध्यात राहिली तर सगळं फुकट. हे लगेच म्हणाले, बरोबर आहे मॅडम, खूण केल्याशिवाय कात्री लावायची नाही. दोघं हसले. मी पाण्याची बाटली भरायला गेले.

४ ऑक्टोबर

सापडली.

अँजिओग्राफी केली. मांडीच्या शिरेतून बारीक नळी पोटापर्यंत नेऊन औषध सोडतात आणि त्या क्षणी फोटो काढतात. गाठीत रक्त जास्त खेळतं, म्हणून ती औषध धरून ठेवते आणि उजळते. सर्जनबाईंनी मला बोलावून फिल्म दिव्यावर लावून दाखवली. मुळांसारख्या शिरा पसरलेल्या आणि डाव्या बाजूला, स्वादुपिंडाच्या शेपटाकडे, एक गोल ठिपका. ब्लाउजच्या टिच बटणाएवढा.

मी कितीतरी वेळ बघत राहिले. ही ती. एवढीशी. माझ्या नवऱ्याच्या पोटात घर करून बसली होती, आणि मी बाजारभर दुसरीलाच शोधत होते.

दुसरी आहे की नाही हे मात्र कुठल्या फिल्मवर येत नाही.

११ ऑक्टोबर

आज ऑपरेशन झालं. सकाळी नेलं ते दुपार उलटली तरी बाहेर नाही. माझे नवरात्राचे उपास, त्यात देवीला बोलले होते की हे बाहेर आल्याशिवाय पाणीसुद्धा पिणार नाही. बाकावर बसले होते. जिन्यावरून कोण येतंय? कुमुद. पनवेलहून एसटीनं एकटी आली. आयुष्यात मुंबई पाहिलेली नाही तिनं. केस विस्कटलेले, हातात डबा.

मला वाटलं, ही इथंही आली. कोण हिची? म्हणायला तोंड उघडलं, पण शब्दच फुटेना. डोळ्यांपुढं अंधारी आली, अंगाला घाम फुटला. तिनं काही विचारलं नाही. डाव्या हातानं माझी हनुवटी धरली आणि लाडवाचा तुकडा गालात सारला. म्हणाली, “उपासाला चालतो, वयनी.”

मी खाल्ला. दुसराही खाल्ला. पित्त झालं नाही.

तेवढ्यात सर्जनबाई आल्या. स्वादुपिंडावरच सोनोग्राफीचं छोटं यंत्र ठेवून जागा पक्की केली, म्हणाल्या, फिल्मवर होती तिथंच निघाली. पूर्ण काढली. आत असतानाच साखर वर यायला लागली आहे. मी रडले. कुमुद फरशीवर बसली आणि पदर तोंडात धरून माझ्याहून जास्त रडली. फार हळवी आहे. मीच तिला उठवलं.

३० ऑक्टोबर

हे आजपासून दुकानात, नुसतेच बसायला. दिवाळीचं काम डोक्यावर आहे, कापड मी कापून देते, हे बसल्या जागी सांगतात. चेहरा उतरलाय, पण सकाळी सहाला उठून स्वतः चहा करतात आणि मला आणून देतात. मला!

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. शेजारचा हार्डवेअरवाला विचारत होता, मास्तर, तेव्हा काय वाटायचं हो? हे म्हणाले, “काहीच नाही. त्या दोन वर्षांतली तसली प्रत्येक सकाळ पुसून गेलीय. कोण होतं, काय दिलं, कोण बोललं, काही म्हणजे काही नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ते परत यायचंही नाही.”

मला इतकं हलकं वाटलं! आईची खोटी शप्पथ घेतली नव्हती त्यांनी. ती हनुवटी धरायची, ते घास, यातलं यांच्यापाशी काहीच नाही. जणू झालंच नाही.

कुमुद कोपऱ्यात हूक लावत होती. हार्डवेअरवाला गेल्यावर मला हळूच म्हणाली, “मास्तरांना येवडंसुद्दा आठवत नाय?”

“एवढंसुद्धा नाही,” मी म्हटलं. आनंदानं म्हटलं.

तिनं सुई पुन्हा ओवली. आधीच ओवलेली होती.

७ नोव्हेंबर

भाऊबीज झाली आणि कुमुदनं काम सोडलं. उरणला मावशी असते म्हणे, तिच्याकडे जाणार. ऐन लग्नसराईच्या तोंडावर! मी परोपरीनं विचारलं. पगार वाढवते म्हटलं. भावजय बोलली का? नाही. मी काही बोलले का? नाही. उलट परवाच मी तिला नवी साडी घेतली, हौसेनं, गर्द हिरवी. आता माझ्या मनात तिच्याबद्दल काही उरलेलं नाही, हे तिलाही दिसत असणार. राग होता तेव्हा दोन वर्षं जागची हलली नाही आणि आता सगळं चांगलं चाललंय तर निघाली.

शटरची किल्ली तिनं माझ्या हातात दिली. यांनी स्टुलावरून विचारलं, कुठे निघालीस गं, हूक कोण लावणार? ती म्हणाली, “लावतील कोनतरी, मास्तर.” त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. इतका कोरडेपणा बरा नव्हे. मला यांच्या वतीनं वाईट वाटलं.

मग मी डब्यातला करंजीचा तुकडा मोडून तिच्या तोंडाशी धरला. तिनं मान फिरवली. दात आवळलेले. मी हात तसाच धरून उभी राहिले आणि ती पायरी उतरून गेली.

आता तिच्या जागी मी बसून हूक लावतेय. बोटात दोनदा सुई गेली. ती अंगुस्तान इथंच विसरून गेलीय, पण मला ते सैल होतं. का गेली असेल, हे मला अजून समजत नाही.